शंभराव्या किलोमीटरचा शिक्का

आमच्या घरातल्या पुरुषांना सत्काराचं भारी वेड. कुणाचं पोरगं पोलीस भरतीत निवडलं गेलं, कुणाच्या बोअरला पाणी लागलं, की थोरले दीर श्रीमंतभाऊजी आणि माझे यजमान धनाजी शाल-नारळ घेऊन हजर. शालींचा गठ्ठाच आणून ठेवलाय कपाटात. दुसऱ्याचं चांगलं झालेलं त्यांना बघवत नाही असं मुळीच नाही, बघवतं. फक्त फोटोत आपण मधोमध असावं लागतं.

मी सुकन्या. माहेर सांगोल्याकडचं, मेंढरं राखणाऱ्या घरातलं. सासर उजनीच्या पाण्याकाठचं, ऊस-केळीचं. राहायला आम्ही सोलापुरात, कारण धनाजींचं पाइपांचं दुकान इथं आहे. वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत मी हातात घेतलेली एकही गोष्ट शेवटाला नेली नव्हती. बारावीचे दोन पेपर राहिले, कारण लग्नाची तारीख मधेच आली. टायपिंगची परीक्षा सासूबाईंच्या पायाच्या ऑपरेशनात गेली. शिवणक्लास जावेच्या डोहाळजेवणात बुडाला. यात कुणी दुष्टपणा केला असं मी म्हणत नाही, पण गेलं ते दर वेळी माझंच गेलं.

सायकलचा नाद मला फिरदोसनं लावला. ती माझ्या मुलीच्या शाळेत शिकवते. रविवारी पहाटे दोघी आधी वीस, मग पन्नास किलोमीटर जाऊ लागलो. मग सायकल क्लबची दोनशेची राइड आली. साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर, वाटेत ठरलेल्या थांब्यांवर वेळेच्या आत कार्डावर शिक्का घ्यायचा. एक शिक्का उशिरा पडला की सगळं बाद. गेल्या वर्षी फिरदोस थांब्यावर वेळेत पोचली होती, पण आधी चहा प्यायली आणि शिक्का चार मिनिटं उशिरा पडला. क्लबच्या चन्नवीर सरांनी तिला बाद केलं. "पोचलात कधी ते नाही, शिक्का कधी पडला ते," असा त्यांचा नियम. ती दोन दिवस रडत होती.

मला ते कार्ड हवं होतं. माझ्या नावाचं, सगळे शिक्के वेळेत पडलेलं. आयुष्यात एक तरी गोष्ट मी पुरी केली, एवढंच त्यावरून कळलं असतं.

धनाजींनी परस्पर चन्नवीर सरांना गाठलं आणि शंभराव्या किलोमीटरचा थांबा आमच्या गावात घेतला. मंडप, चहा, केळी सगळं आमच्याकडून. मीही खूश झाले, खोटं कशाला बोलू? सासरच्या लोकांनी मला सायकलवरून येताना बघावं, असं मलाही वाटत होतंच की.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी सकाळी सहाला आम्ही चोवीस जण निघालो. लांबोटीजवळ सीना ओलांडली तेव्हा कोवळं ऊन पडलं होतं. रानात शाळू ज्वारी उभी होती, उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत, गाणी लावून चालले होते. वारा समोरून होता. दहा मिनिटं फिरदोस पुढं, दहा मिनिटं मी, अशा एकमेकींच्या आडोशानं आम्ही टेंभुर्णी गाठली आणि हायवे सोडून पाण्याकडे वळलो. इतकी आनंदात मी बऱ्याच वर्षांत नव्हते.

गावात पोचलो तेव्हा अकरा चाळीस झाले होते. शिक्क्याची मुदत बारा चाळीस. म्हणजे तासभर हातात. टेबलापाशी क्लबचा गुरु नावाचा पोरगा बसला होता. त्यानं फिरदोसच्या कार्डावर शिक्का मारला, वेळ लिहिली. माझं कार्ड मी पुढं केलं, तेवढ्यात ते श्रीमंतभाऊजींनी वरच्यावर उचललं.

"तुजा शिक्का असा न्हाय मारायचा," ते म्हणाले. "पक्षाचे साहेब यायला लागल्यात. त्यांच्या हातनं, स्टेजवर."

"भाऊजी, बारा चाळीसला बंद होतंय. आदी शिक्का मारू द्या, मग मी थांबते की सत्काराला."

"आगं धा मिंटात येत्यात. फोनवर बोललोय मी."

थोरल्या दिराच्या हातातून कार्ड ओढून घ्यायचं कसं? बाकी कुणी असता तर घेतलं असतं. मी धनाजींकडे पाहिलं, तर ते फ्लेक्सची दोरी ताणत होते. एवढ्यात सासूबाईंनी मला आत बोलावलं. "असली तंग चड्डी घालून स्टेजवर चडायचं न्हाय," म्हणाल्या आणि सायकलच्या कपड्यांवरच मला हिरवी साडी गुंडाळली. बूट तेवढे सायकलचेच राहिले. मंडपातून चालले की टक-टक वाजायचे आणि पोरं हसायची.

एकेक जण शिक्का घेऊन, केळी खिशात घालून निघून गेला. मग भाऊजींनी शिक्काही स्टेजवर नेऊन ठेवला. गुरुनं एकदा "अहो, मॅडमचा वेळ..." एवढं म्हटलं, पण ज्यांची केळी खातोय त्यांच्याशी तो किती भांडणार?

फिरदोस माझ्यासाठी थांबून राहिली. बारा वीसला म्हणाली, "मी बोलू का त्यांच्याशी?"

"नको. तू जा."

"अगं, मिळून निघालोय ना आपण?"

"जा म्हणते ना! तुझं तरी होऊ दे." मी तिच्यावर उगीच खेकसले. ती गेली.

बारा चाळीस झाले तेव्हा कुणीतरी माइकवर "हॅलो, हॅलो, चेक" करत होतं. साहेब आले एक वाजून पाच मिनिटांनी. त्यांनी शाल घातली, नारळ दिला आणि एक वाजून बारा मिनिटांनी कार्डावर शिक्का मारला. फोटोत कुणाचा तरी हात आडवा आला म्हणून पुन्हा एकदा मारला. मग भाऊजींनी माइक घेतला. आमचा झेडपी गट यंदा महिलांसाठी राखीव झाल्याचं त्यांनी सांगितलं आणि "आमची सून सायकलवर दोनशे किलोमीटर जाती, ती गटाचा विकास मागं कशी ठेवंल?" असं विचारलं. साहेब मान डोलवत होते. टाळ्या पडल्या. धा मिंटं कशासाठी होती ते मला तेव्हा कळलं. उभी राहशील का, असं मला कुणी विचारलं नव्हतं, आणि आता विचारायची गरजही कुणाला वाटत नव्हती.

गुरुनं कार्ड माझ्या हातात दिलं. वेळेचा रकाना त्यानं कोराच ठेवला होता. "सर लिहितील," एवढंच पुटपुटला. तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

साडी सोडून मी सासूबाईंच्या हातात दिली आणि सायकलवर बसले. परतीचे शंभर किलोमीटर मी एकटीनं, रागाच्या भरात मारले. कुठं विसाव्याला थांबले नाही, कुणाशी बोलले नाही. मोहोळच्या पुढं पायात गोळे आले तेव्हा भाऊजींना, साहेबांना आणि स्वतःला मोठ्यानं शिव्या दिल्या. सात बाराला सोलापुरात पोचले. साडेसातच्या आत, माझ्या पायांवर.

धनाजी गाडीनं आधीच येऊन क्लबच्या टेबलापाशी बसले होते. चन्नवीर सरांनी कार्ड घेतलं, रिकामा रकाना पाहिला आणि पेन उघडलं.

"मॅडम, तुम्ही वेळेत आला होतात, गुरुनं पाहिलंय. बारा पस्तीस टाकतो."

"टाका की सर," धनाजी म्हणाले. "पुढच्या वर्षीबी थांबा आमच्याकडंच घेऊ."

फिरदोस शेजारी उभी होती, गळ्यात मेडल.  तिचा चेहरा पाहून मला कळलं की मी गप्प बसले तर हिला परत तोंड दाखवता येणार नाही.

"एक बारा लिहा," मी म्हणाले. सर थांबले. मी पुन्हा म्हणाले. त्यांनी लिहिलं आणि कार्डावर बाद झाल्याची आडवी रेघ मारली.

"येडी हायस का तू?" धनाजी गाडीत म्हणाले. "सगळ्या गावाला सांगून बसलोय आमी." मला वाईट वाटत होतं, पण मान ताठ होती.

तीन आठवड्यांनी भाऊजी उमेदवारीचा अर्ज आणि प्रचाराचं पत्रक घेऊन आले. माझा हेल्मेटमधला फोटो, आणि खाली 'दोनशे किलोमीटर वेळेत पूर्ण करणाऱ्या मेडलविजेत्या'.

"भाऊजी, हे खोटं हाय. ही ओळ काढा, मग अर्जावर सही करते."

"पाच हजार छापून झाल्यात. आन् दोनशे मारलंसच की तू. लोकांना काय कळतंय?"

सासूबाई औक्षणाचं ताट घेऊन उभ्या होत्या. धनाजींनी पेन पुढं केलं. मी नाही म्हणू शकले असते. क्लबच्या टेबलापाशी म्हटलंच होतं की. पण तिथं फिरदोस बघत होती, आणि इथं बघणारं कुणी नव्हतं. मी सही केली. मग ओवाळून घ्यायला मान खाली केली.