मोकळी फांदी

"मावशी, तुमची फांदी अजून मोकळीच आहे," चहाचा कप खाली ठेवत तरुण पाळक म्हणाले.

नर्सबाईंच्या कपाळाला आठी पडली. पाळकांनी चर्चच्या भिंतीवर पुठ्ठ्याची द्राक्षवेल लावली होती. प्रत्येक सभासदाची एक फांदी. नवा माणूस उपासनेला आणला की तिला एक कागदी घड. शेजारच्या शिंपीणबाईंचे सात झाले होते.

"माणसं आणायला मी उंबऱ्याबाहेर पडायला तर हवं!"

"तेच म्हणतोय. दहा महिने उपासनेला नाही तुम्ही. प्रभूशी नातं तुटतं अशानं. तुमच्या अंथरुणावरच्या जाऊबाईंसाठी शुश्रूषागृहात जागा झालीय. हो म्हणा, सोमवारी गाडी येईल."

ते गेले, पण बोल मनात सलत राहिला. खोटा असता तर एवढा झोंबला नसता. पूर्वी इस्पितळात पाळी सुरू होण्याआधी औषधांच्या खोलीत दोन मिनिटं डोळे मिटले, तरी ख्रिस्त शेजारी उभा आहे असं वाटायचं. आता प्रार्थनेचे शब्द तोंडात भुशासारखे फिरत. 'फांदीनं वेलीला धरून राहावं म्हणतोस. धरलंय की! हात भरून आले माझे. तू धरलंयस का, तेवढं सांग.' आणि हे सगळं कोणासाठी? भिंतीला भिंत असून अकरा वर्षं तोंड फिरवून गेलेल्या थोरल्या जावेसाठी!

अडीच वाजले. दर दोन तासांनी कूस बदलायची असते. त्या खोलीत गेल्या.

"गेला तुझा पाळक?" जाऊबाईंनी विचारलं.

"ऐकलंत वाटतं."

"अर्धं अंग गेलंय, कान शाबूत आहेत. पाठव मला. इथे तरी कुठे सुखात लोळतेय?"

"लोळताच आहात की. सरका जरा."

त्यांनी जावेला कुशीवर वळवलं. माकडहाडाशी पहिल्या महिन्यात तळहाताएवढी जखम झाली होती. तिथे आता गुलाबी कातडी आली होती. शुश्रूषागृहात तीस खाटांना एक आया असते, हे नर्सबाईंना नोकरीपासून ठाऊक होतं. चार दिवसांत हे पुन्हा उघडलं असतं.

"सोमवारी गाडी नको म्हणून कळवते," त्या वैतागून म्हणाल्या.

"आणि तुझे घड?"

"शिंपीणबाईंना लखलाभ!"

जाऊबाईंनी मान जरा वर केली. मग म्हणाल्या, "प्रार्थना करतेस ना? इथेच कर. मला ऐकू येईल अशी."

आजवर त्यांनी कधी हे मागितलं नव्हतं. नर्सबाई खुर्ची ओढून बसल्या. "प्रभू," त्या म्हणाल्या, आणि पुढे काही सुचेना. सुचायच्या आतच मान कलली.

दचकून जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन उतरलं होतं. साडेपाच.

"अगं बाई! तासभर उशीर! हाक का नाही मारलीत?" एरवी पाच मिनिटं उशीर झाला तरी जाऊबाई घर डोक्यावर घेत.

"डोळा लागला होता तुझा."

तेवढंच बोलून त्यांनी नजर भिंतीकडे वळवली. धडधाकट हाताने खाटेचा कठडा एवढा घट्ट धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती.