गठ्ठा एक्केचाळीस, कागद सात

तळटीप सरांनी आयुष्यात एकच थाप मारली, आणि तीसुद्धा संदर्भासकट.

खरं तर ती थाप नव्हती, उदाहरण होतं. कॉलेजात जुने नकाशे ठेवायची एक अडगळीची खोली होती. तिथं बसून सर आणि त्यांच्या सहकारी तारीखबाई दर मंगळवारी एक कार्यक्रम ध्वनिमुद्रित करत. चालू राजकारण, नवे सिनेमे, गाजलेली भाषणं, हे सगळं इतिहासाच्या कुठल्या फडताळात बसतं ते सांगायचं. सर 'भूक लागली' हेसुद्धा आधाराशिवाय म्हणत नसत, म्हणून ते तळटीप. आणि समोर कुणी हुंदके देत उभं राहिलं तरी बाई आधी विचारत, "कधीची गोष्ट?" म्हणून त्या तारीखबाई. श्रोते एक्केचाळीस. त्यात हे दोघे धरलेले, आणि सरांची थोरली बहीणही. ती झोप लागावी म्हणून ऐकायची.

त्या मंगळवारी विषय होता, तीनशे वर्षांपूर्वीच्या एका वेढ्यावर आलेला सिनेमा. त्यातला एक संवाद मंत्र्यांनी आदल्याच दिवशी सभागृहात इतिहास म्हणून ऐकवला होता.

"लोकांचा विश्वास बसतो कसा हो?" बाईंनी विचारलं.

"त्यात काय, आकडा द्यायचा," सर म्हणाले. "आता समजा मी म्हटलं, त्या वेढ्यात किल्लेदाराने तटावर साठ बदकं पहाऱ्याला बसवली होती. शत्रू शिड्या लावायला आला, बदकांनी गिल्ला केला, शत्रू पळाला. गठ्ठा एक्केचाळीस, कागद सात. बसला विश्वास?"

एक्केचाळीस, कारण समोर श्रोत्यांचा आकडा दिसत होता. सात का, ते सरांनाही सांगता येणार नाही.

"बसला की! चांगला बसला!" बाई हसल्या.

कुणीतरी त्या ध्वनिमुद्रणातलं सुरुवातीचं 'समजा' कापलं, शेवटचा प्रश्न कापला. मधली बदकं आणि बाईंचं 'बसला की' तेवढं ठेवलं.

आठवड्यात ती बदकं अकरा लाख लोकांनी पाहिली. सरांनी ताबडतोब खुलासा केला, अर्ध्या तासाचा, सोळा संदर्भांसह. तो एकोणीस जणांनी ऐकला. त्यातल्या एकाने खाली लिहिलं, 'सर विकले गेले.'

मग मंत्री म्हणाले, आमचा पक्ष म्हणजे त्या तटावरची बदकं. विरोधक म्हणाले, बदकं सामान्य जनतेची होती, यांनी पळवली. दोन्हीकडून बदकांवरून इतकी ओढाताण झाली, पण बदकं नव्हतीच, हे एकाही बाजूने म्हटलं नाही. गाणं आलं. कोण एक गृहस्थ बदकांच्या राखणदाराचे थेट वंशज निघाले आणि सरांच्या दारात येऊन त्यांच्या गळ्यात पडून रडले. सर त्यांच्या पाठीवर थोपटत राहिले. दुसरं काय करणार?

बहिणीचा फोन आला. "बाळ्या, तुझी बदकं दाखवतायत रे! आम्हाला कधी बोलला नाहीस!"

"ताई, ती नव्हतीच गं."

"चल! एवढे मंत्री काय खोटं बोलतील?"

आणि मग बातमी आली, की बदकं पाचवीच्या पुस्तकात जाणार.

त्या एका वेढ्यावर सरांनी बावीस वर्षं घातली होती. खरी हकीकत अशी, की शत्रूच्या छावणीत हगवण लागली आणि सगळे घरी गेले. याच्यावर गाणं बसत नाही. पण ती खरी होती, आणि सरांच्या पदरात तेवढंच होतं. पुस्तक छापायच्या आत आपले शब्द मागे घ्यायचेच, असं ठरवून ते बाईंना घेऊन दप्तरखान्यात गेले. कागद सात काढायचा, त्यात बदकं नाहीत हे जगाला दाखवायचं, विषय संपवायचा.

दप्तरखाना इतका गळका, की दप्तरदार खोलीतही छत्री उघडून बसत. तीस वर्षं एकटेच. त्यांनी गठ्ठा एक्केचाळीस सोडला. किल्ल्यातल्या पिठाच्या याद्या. एक ते सहा, मग आठ.

"सात?" सरांनी विचारलं.

"गहाळ. सूचीतच लिहिलंय. मी यायच्या आधीपासून."

"म्हणजे बदकं नव्हती हेही सिद्ध होत नाही," बाई म्हणाल्या. "कागद नाही म्हणून घटना घडलीच नाही, असं म्हणू नये. हे पहिल्या वर्षाच्या पोरांना कोण शिकवतं?"

"मीच," सर खोल गेलेल्या आवाजात म्हणाले.

दप्तरदारांचा चेहरा मात्र फुलला होता. "सर, तुमच्या बदकांनी तारलं बघा! हे पाडून इथं गाड्या लावणार होते. आता हुकूम आलाय, नवं छप्पर घालायचं. परवा साहेब तपासायला येतायत. कागद सात आहे, त्यात बदकं आहेत, एवढं तज्ज्ञाने लिहून दिलं की झालं."

"कोण तज्ज्ञ?"

"असं काय करता? तुम्हीच की."

सरांनी वर पाहिलं. हगवणीचा अस्सल कागद गठ्ठा तेवीसमध्ये होता आणि गठ्ठा तेवीसच्या डोक्यावर बादली टांगली होती. बादली भरत आली होती.

त्यांनी कागद ओढला आणि लिहिलं: 'वेढ्यातील साठ बदकांची हकीकत' आणि खालच्या ओळीत, 'मी मनाने रचली. गठ्ठा एक्केचाळीसमध्ये असा कागद कधीही नव्हता.' सही केली, तारीख घातली.

दप्तरदारांनी दोनदा वाचलं. "बरोबर आहे सर. खरं ते खरं."

"तुमचं छप्पर..."

"छत्री आहे की."

सरांना त्या माणसाकडे बघवेना.

तपासणीच्या दिवशी सर आणि बाई मुद्दाम आले, साहेबांना तोंडावर सांगायला. साहेबांच्या हातात छापील तक्ता होता आणि खाली गाडी चालूच ठेवलेली होती. गठ्ठा सोडला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. आणि सात. पांढराशुभ्र.

सरांनी आ वासला.

"आलेला कागद दाखल करावाच लागतो सर, नियम आहे," दप्तरदार हळूच म्हणाले. "विषय एक्केचाळीसचा. आणि सातची जागा रिकामी होती." त्यांच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता. सरांनी शोधून पाहिला.

"कागद सात, आहे," साहेबांनी खूण केली. "बदकांचा उल्लेख, आहे. साठ. तज्ज्ञाची सही, आहे."

"अहो, पुढची ओळ वाचा!" सर ओरडले. "मी रचलीय ती!"

"छान रचलीय. पण त्याला रकाना नाही."

"निदान तारीख तरी बघा!" बाई रडायच्या बेताला आल्या होत्या. "परवाची आहे! परवाची!"

साहेबांनी तक्ता उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. माणूस वाईट नव्हता.

"तारखेचाही रकाना नाही हो, बाई."

छप्पर झालं. पुस्तकही झालं. धड्याखाली बारीक अक्षरात 'आधार: गठ्ठा एक्केचाळीस, कागद सात'. सरांनी जाऊन ताडून पाहिलं, संदर्भ बिनचूक होता. कागद आता काचेच्या पेटीत असतो, पहिली ओळ तेवढी वर राहील अशी घडी घालून. दप्तरदार म्हणतात, पेटी त्याच मापाची आली.

वाचकांच्या वहीत आता रोज चाळीसेक सह्या होतात, सगळ्या एक्केचाळीससाठी. हगवणीचा गठ्ठा तेवीस फक्त तळटीप सर मागतात. उघडतात, बोट फिरवून बघतात, पुन्हा बांधून देतात. कागद अगदी कोरडा आहे.