कॉलेजगीताची पायपेटी

मित्रांनो, मी या कॉलेजची जुनी पायपेटी. बसा, पण माझ्यावर नको. सभागृहामागच्या या अडगळीच्या खोलीत माझ्या डोक्यावर आधीच सात मोडक्या खुर्च्या आणि फाटक्या पडद्यांचं गाठोडं आहे. पायांनी भाता हलवायचा आणि बोटांनी पट्ट्या दाबायच्या, अशी माझी वाजवण्याची रीत. आता भाता उंदरांनी कुरतडला आहे. दमले आहे मी.

एका सुताराने जुन्या दारांच्या फळ्यांना रंधा मारून मला घडवलं. मी इथे आले तेव्हा कॉलेज म्हणजे पत्र्याच्या चार खोल्या होत्या. पहिल्या पदवीदानाला आठ दिवस उरले आणि प्राचार्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला स्वतःचं गीतच नाही! त्यांनी संगीताच्या मास्तरांना कामाला लावलं.

मास्तरांना दमा होता. त्यांची बायको कॉलेजच्याच ऑफिसात टायपिस्ट. ऑफिस सुटलं की ती माझ्याशेजारी स्टूल ओढून बसायची. शब्द तिचे, चाल मास्तरांची. तिसऱ्या दिवशी मास्तर वैतागले.

"अगं, केवढी ही ओळ! म्हणता म्हणता माझा जीव जाईल."

"मग कापते. शब्दांना काय तोटा!"

"आणि प्राचार्यांना तोकडं वाटलं तर?"

"सांगा, मुलांना पाठ व्हायला सोपं."

म्हणून त्या गीताच्या ओळी आखूड आहेत. ऐकणारे म्हणतात, काय ठसका आहे! ठसका कसला, मास्तरांची धाप आहे ती.

पदवीदानाला गीत रंगलं. प्राचार्यांचे डोळे पाणावले. वाटलेल्या कागदावर मात्र नुसतं 'संस्थागीत' एवढंच होतं. कागद बाईंनीच टाइप केला होता.

"खाली आपली नावं टाकायचीस की," मास्तर म्हणाले.

"कुणी सांगितल्याशिवाय आपणच कशी टाकायची?"

सांगणारं कुणी निघालं नाही.

दोन वर्षांनी मास्तर गेले. बाई पुढे दरवर्षी तेच गीत टाइप करत राहिल्या. अठ्ठावीस वर्षं, बिननावाचं. नवे शिक्षक आले, त्यांनी मला पुसलं, वाजवलं, कौतुकही केलं. मग स्पीकर आले आणि माझी रवानगी इथे झाली.

परवा कॉलेजला पन्नास वर्षं झाली, त्याचा समारंभ होता. मध्ये एकच भिंत, मला सगळं ऐकू येत होतं. निवेदन करणारी मुलगी म्हणाली, "आता आपलं पारंपरिक गीत." स्पीकरवर गीत लागलं. वेळ वाचावा म्हणून ते दोन कडव्यांवरच थांबवलं. खुर्च्या करकरल्या, सगळे बसले.

"आजी, बसा आता. संपलं," शिपाई कुणाला तरी म्हणाला.

"नाही हो. एक कडवं राहिलंय."

तो आवाज मी ओळखला. बाई एकट्याच गायल्या. आवाज चिरका झाला होता, पण सूर जागच्या जागी. आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग कुणीच हसलं नाही.

"आजी, हे तुम्हाला कुठून येतं?" त्या मुलीने विचारलं.

"आमच्या घरचंच आहे ते," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, माझा भाता शिवा, असं मी म्हणत नाही. या वयात कशाला? पण जे गाणं दर समारंभाला लावता, ते कुणी केलं एवढं विचारा. सांगणारी माणसं आहेत तोवर विचारा. आणि ते पुरतं म्हणा.