पोटातले पाचवे काडतूस

मित्रांनो, मी एक जुनी शिकारी रायफल आहे. बंदुकीला घाबरणारी माणसे तुम्ही पाहिली असतील. पण बंदूकही घाबरते, हे तुम्हाला कुणी सांगितले नसेल. माझी तीस वर्षे भीतीत गेली. त्यानंतरचे दोन महिने तर असे गेले की माझी पाचावर धारण बसली होती, आणि बाहेरून मात्र मी दिवसेंदिवस देखणी होत होते.

माझा जन्म दूर दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. नळी पोलादाची, दस्ता अक्रोडाचा. मोठ्या नळीच्या खाली मला आणखी एक बारीक नळी आहे. तिच्यात काडतुसे एकामागे एक रांगेने बसतात, म्हणून तिला मी माझे पोट म्हणते. खालची दांडी पुढे ढकलून मागे ओढली की पोटातले एक काडतूस वर येते आणि मोठ्या नळीत जाऊन बसते. मग फक्त चाप ओढून घोडा पाडायचा उरतो. एवढे लक्षात ठेवलेत तर पुढची माझी धडधड तुम्हाला कळेल.

माझा पहिला मालक थेओफिल सीर. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात, सेंट जॉन नदीच्या काठी तो लाकूडतोड करायचा. त्याने मला चाळीस हिवाळे वापरले आणि कधी हेळसांड केली नाही. शिकारीहून आला की ओसरीतच माझे पोट रिकामे करायचा, आणि मला रात्रभर तिथेच थंडीत ठेवायचा. एकदम उबेत आणले तर मला घाम फुटतो आणि घामाने गंज चढतो, हे त्याला माहीत होते. गावात म्हणत, "थेओफिलचा बार आणि थेओफिलच्या बायकोचा टोमणा, दोन्ही कधी वाया जात नाहीत." ते ऐकून मला गुदगुल्या व्हायच्या.

त्याच्या शेवटच्या शिकारीला नोव्हेंबरची हाडे गोठवणारी थंडी होती. सकाळी त्याने पाच काडतुसे भरली. दिवसभरात हरणाचे शेपूटही दिसले नाही. संध्याकाळी ओसरीत त्याने दांडी ओढली. एक, दोन, तीन, चार काडतुसे बाहेर पडली. पाचव्याची कड जरा चेपलेली होती. ते थंडीने घट्ट झालेल्या ग्रीसमध्ये आतच रुतून बसले. त्याने आणखी एकदा दांडी ओढली, काही आले नाही. मोठ्या नळीत डोकावून पाहिले, ती रिकामी होती. आतून बायकोने हाक मारली, "सूप निवतंय हो!" तो गेला. त्या दिवशी त्याने काडतुसे मोजली नाहीत.

त्याच हिवाळ्यात थेओफिल वारला. त्याच्या बायकोने मला बटाट्याच्या कोठारात, तुळयांवर ठेवून दिले. तीस वर्षे मी तिथे होते. अंगावर गंज चढला, दस्त्याला उंदरांनी दात लावले. त्या उपेक्षेचे दुःख होतेच. पण त्याहून मोठी भीती होती ती पोटातल्या त्या एकाची. ज्या हाताने ते काढायचे तो हात मातीत गेला होता, आणि मला तोंड असून बोलता येत नव्हते.

मग एका सप्टेंबरात थेओफिलच्या नातवाने अंगणात जुन्या सामानाची विक्री मांडली. त्याने माझी दांडी उघडली, मोठ्या नळीत पाहिले आणि फटीतून नारिंगी प्लास्टिकची पट्टी ओवून बांधली. आमच्या भागात अशी पट्टी म्हणजे 'पाहिली आहे, रिकामी आहे' अशी ग्वाही. पाद्रीबाबांच्या शब्दावर कुणी शंका घेईल, पट्टीवर घेत नाही.

मला घेतले ओदेत मिशो हिने. ती शाळेची बस चालवायची. वय पन्नाशीच्या पुढे, हात दणकट, स्वभाव हट्टी. तिला मी हवी होते ती थोरल्या भावासाठी. लिओन्सने तिला लहानपणी जंगल दाखवले, नेम धरायला शिकवले. दोन वर्षांपूर्वी होडी उलटून त्याची बंदूक नदीत गेली, तेव्हापासून तो खुर्चीत बसून गावाला नावे ठेवण्यापलीकडे काही करत नव्हता. शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आत मला नवी करून त्याला पुन्हा जंगलात न्यायचे, असे तिने मनाशी ठरवले होते. मी त्याच्यासाठी आहे याचा मात्र तिने त्याला पत्ता लागू दिला नाही.

पहिल्याच दिवशी लिओन्स स्वयंपाकघरात येऊन मला न्याहाळू लागला.

"ओदेत, ही बंदूक आहे की नांगराचा फाळ?"

"फाळ असेल तर तुझ्या जिभेला बांधते. रोज सगळं गाव नांगरतच असतोस."

"मी आपला खरं बोलतो."

"बरं, रिकामी आहे ना रे ही? एकदा बघ तरी."

"पट्टी दिसत नाही का? तीस वर्षं कोठारात पडलेली. हिच्या पोटात उंदराच्या लेंड्या सोडून काय निघणार!"

दोघेही हसले. मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा असती तर मी घर डोक्यावर घेतले असते.

ओदेतने पट्टी कापली आणि कामाला लागली. आमच्याकडे जुन्या बंदुका दुरुस्त करणाऱ्यांची एक खोड आहे. त्यांना स्क्रूची खाच जिवापेक्षा प्यारी. जाणकार माणूस बंदूक हातात घेतो तो आधी स्क्रू पाहतो, आणि खाच कुरतडलेली दिसली की विचारतो, "कुठल्या खाटकाने उघडली?" ओदेतला हा बोल नको होता. तिने प्रत्येक स्क्रूसाठी पेचकस घासून बेताचा केला. सगळे स्क्रू मुकाट निघाले. फक्त माझ्या पोटाच्या पुढच्या टोकाचा एक निघेना. दोनदा जोर लावून ती थांबली.

"याच्यावर जबरदस्ती नाही करणार," ती पुटपुटली. "रोज तेल सोडीन. यायचा तेव्हा येईल."

मागच्या बाजूने तिने बॅटरी लावून पोटात पाहिलेही. इंचभर आत एक काळी चकती दिसली. ती तिला काडतुसे मागे ढकलणाऱ्या स्प्रिंगची टोपी वाटली. "स्प्रिंग थकलीय बिचारी," असे म्हणून तिने बॅटरी विझवली. ते काळ्या ग्रीसने माखलेले काडतुसाचे बूड होते.

त्यानंतरचा प्रत्येक दिवस मला आठवतो. तिने माझा गंज काढला, नळी आरशासारखी केली, उंदरांचे दात लाकडाचा तुकडा बसवून बुजवले. चाप तर घासून इतका हलका केला की बोट टेकायचा अवकाश. इतकी माया मला थेओफिलनेही लावली नव्हती. आणि रोज पुढच्या टोकातून तेल आत झिरपत होते, ग्रीस सैल होत होते. जे तेल मला बरे करत होते तेच त्या काडतुसाला सोडवत होते. तिचा हात फिरला की मला बरे वाटायचे आणि लगेच धडकी भरायची. या हातांचा घात माझ्याकडून झाला तर?

शेवटी तिने दस्त्याला जवसाचे तेल चोळले आणि ते वाळावे म्हणून मला चुलाण्याजवळ, नळी वर करून उभे केले. शेकाने तीस वर्षांचे ग्रीस पातळ झाले. काडतूस खाली सरकले आणि दांडीच्या वरच्या खोबणीत येऊन टेकले. टक् असा आवाज झाला. चुलाण्यातली लाकडे तडतडत होती, तिला तो ऐकू आला नाही.

हंगाम शनिवारी सुरू होणार होता. शुक्रवारी दुपारी लिओन्स जेवायला आला. टेबलावर प्लॉय, म्हणजे कुट्टूच्या पिठाची जाळीदार धिरडी, वाफाळत होती. ओदेतने मला दोन्ही हातांवर आडवे धरून त्याच्यापुढे केले.

"घे. तुझी आहे."

"माझी? थट्टा करतेस का?"

"उद्या पहाटे निघायचं. खुर्चीला गंज चढेल दादा, आता ऊठ."

एरवी चुरूचुरू बोलणाऱ्या त्या माणसाने मला हातात घेतले. त्याचे डोळे भरून आले. बंदूक हाती आली की आधी उघडून पाहायची, देणाऱ्याने आत्ताच पाहिलेली असली तरी पाहायची, हा आमच्याकडचा पहिला धडा. तो धडा त्यानेच ओदेतला दिला होता. पण भरल्या डोळ्यांना काय दिसणार! त्याने डोळे मिटले आणि नुसता आवाज ऐकायला दांडी सपकन पुढे-मागे केली. काडतूस वर आले आणि मोठ्या नळीत जाऊन बसले.

ओदेत काकवीची बरणी आणायला कोठीच्या खोलीत गेली होती. लिओन्सने मला टेबलाकडून वळवले. माणसाकडे नळी करायची नाही, एवढे त्याच्या अंगात मुरलेले होते. कोठीच्या दारावर एक कॅलेंडर होते आणि त्यावर मूसचे, आमच्याकडच्या घोड्याएवढ्या हरणाचे, चित्र. त्याने तिकडे नेम धरला.

"चल रे बाबा, देवाचं नाव घे," तो हसत म्हणाला.

ते दार अर्ध्या इंचाच्या फळीचे होते. माझ्या गोळीला ते कागदासारखे. दारामागे ओदेत गुणगुणत होती, बरण्या सरकवत होती. मला ती ऐकू येत होती. मी म्हणत होते, अरे थांब, एकदा उघडून बघ. पण चाप ओढला की घोडा सोडायचा, याखेरीज मला दुसरे काही करता येत नाही. त्याने चाप ओढला. मी घोडा सोडला.

ठक् झाले. बार झाला नाही.

इतक्या दिवसांच्या तेलाने आतली दारू मेली होती, की वयाने, मला ठाऊक नाही.

"काय गोड वाजतेय गं!" लिओन्स ओरडला. ओदेत बरणी घेऊन बाहेर आली. त्याच कॅलेंडरपुढे ती उभी राहिली. "आवडली?" तिने विचारले. हसत हसत त्याने दांडी पुन्हा ओढली, आणि काडतूस उडून प्लॉयच्या ताटलीत पडले.

दोघे बघतच राहिले. हिरवट पितळ, आणि बुडाच्या बरोबर मधोमध घोड्याच्या टोल्याचा ताजा खळगा.

लिओन्सने काडतुसाकडे पाहिले, दाराकडे पाहिले, मग बहिणीकडे. मला टेबलावर ठेवून तो खाली फरशीवरच बसला.

"तू आत होतीस."

"हो."

"दहा वर्षांची होतीस तू. न बघता बंदूक उचललीस म्हणून मी कानाखाली वाजवली होती."

"आठवतंय."

"आता मला वाजव."

ओदेतने त्याला मारले नाही. ती त्याच्या शेजारी टेकली. हातातली बरणी तिने फरशीवर ठेवली. "मी तरी कुठे बघितलं रे?" ती म्हणाली. "दोन महिने स्क्रूची खाच जपत बसले." मग लिओन्स लहान मुलासारखा रडला.

ते काडतूस तिने अंगणात नेऊन तेलाच्या डब्यात बुडवले. परत आली ती हातोडी आणि मोठा पेचकस घेऊन. माझा तो स्क्रू तिने ठोकून काढला. खाच पार फाटली. पोट उघडले, स्प्रिंग निघाली, आरपार उजेड दिसला. तीस वर्षांनी मी मोकळा श्वास घेतला. ती फाटकी खाच मी आजही अंगावर मिरवते.

त्या शनिवारी दोघे गेले नाहीत. पुढच्या शनिवारी गेले. जंगलाच्या तोंडाशी लिओन्सने मला उघडून पाहिले, करंगळी घालून चाचपले, पोटात बॅटरी मारली. मग ओदेतच्या हाती दिले, आणि तिनेही सगळे पुन्हा पहिल्यापासून केले. या खटाटोपात समोरचे हरीण केव्हाच पसार झाले. दोघांनाही त्याचे काही वाटले नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकू नका, त्यांना जपा. पण माझ्यासारखी कुठे पडलेली दिसली तर हात लावू नका, आधी मोठ्या माणसाला हाक मारा. आणि तुम्ही मोठे व्हाल तेव्हा माझ्या म्हातारपणावर, माझ्या चकाकीवर, कुणी बांधलेल्या पट्टीवर विसंबू नका. स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. ओदेत आजही मला उचलते तेव्हा तिची बोटे जराशी थरथरतात. ती थरथर कधी जाऊ नये, एवढेच माझे मागणे आहे.