माहेरचा पुदिना

प्रयोगशाळेत तिला सगळे पुदिनाबाई म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे. तीन वर्षं हात धुऊन पुदिन्याच्या मागे लागलेल्या बाईला आणखी काय म्हणणार? शहरातले लोक रस्त्याकडेला, गॅरेजमागे, गच्चीवरच्या डब्यांत पुदिना लावतात आणि पोट बिघडलं की उकळून पितात. त्या कपातून शिसं किती जातं, हे तिला मोजायचं होतं. शिसं अंगात गुपचूप साठत जातं. पोटात मुरडा येतो, हात थरथरू लागतात आणि शेवटी मूत्रपिंडं जातात.

घाणेरड्या जागा शोधायला कष्ट पडले नाहीत. तुलनेसाठी एक स्वच्छ जागा हवी होती, आणि तिथे मात्र या हुशार बाईने डोकं गहाण टाकलं. सरळ आईच्या परसातून पुदिना उपटून आणला. आपल्या आईचं परस स्वच्छ असणारच, त्यात तपासायचं काय? दुसऱ्यांच्या आकड्यांवर दहादा शंका घेणारीने यादीत शेऱ्याच्या रकान्यात 'घरगुती, स्वच्छ' असं लिहून टाकलं. बाकीच्यांनी त्या नमुन्याचं नाव माहेरचा पुदिना ठेवलं.

मोजणाऱ्याचं मन कुठे कलू नये म्हणून पिशव्यांवर नुसते आकडे असत. नमुने आले की जागांच्या त्या यादीत आकडे भरायचे आणि पिशव्यांवर घालायचे, हे काम काकांचं. काका म्हणजे प्रयोगशाळेतले सगळ्यांत जुने मदतनीस, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. कुठला आकडा कुठल्या जागेचा याची यादी त्यांच्या ड्रॉवरमध्ये कुलपात राही, आणि सगळं मोजून झाल्याशिवाय ते ती खुद्द प्रमुखांनाही दाखवत नसत. चौदा नंबरात सगळ्यांत जास्त शिसं निघालं, तेव्हा हे गॅरेजमागचंच, असं पुदिनाबाई चहा पिता पिता छातीठोकपणे सांगून बसल्या. यादी उघडली. चौदा नंबर म्हणजे माहेर.

"काका, पिशव्यांची अदलाबदल झालीय तुमच्याकडून," ती सगळ्यांसमोर म्हणाली.

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. एकतीस वर्षांत असं झालेलं नाही, एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून ते तिच्याशी कामापुरतं बोलू लागले.

तिने स्वतः जाऊन दुसऱ्यांदा पुदिना आणला, स्वतः आकडा घातला, स्वतः यंत्रापाशी उभी राहिली. उत्तर तेच आलं. आता मात्र तिला आईचा काढा आठवला. आई सहा वर्षं रोज दोन कप हा काढा पीत होती, तोही मुळांसकट ठेचून, माती नुसती झटकून. घरच्याच मातीला काय धुवायचं, असं आईचं म्हणणं. वर्षभर तिचे हातही थरथरत होते. सगळ्यांनी ते वयावर ढकललं होतं, आणि सगळ्यांत ही लेकही आली.

रविवारी ती खुरपं घेऊन परसात बसली. आई पायरीवर बसून, माझ्या पुदिन्याने तुझं काय घोडं मारलंय, असं विचारत होती. वीतभर खाली गेल्यावर मातीत रंगाच्या खपल्या लागल्या. पिवळ्या, निळ्या, हिरव्या, पसाभर तरी असतील. तिने त्या वर्तमानपत्रावर पसरल्या.

आईने वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. हा निळा डॉक्टरांच्या खिडक्यांचा, हा पिवळा शाळेच्या दारांचा, असं ती ओळखत गेली. बाबा रंगारी होते. लोकांची जुनी दारं ते घरी आणून खरवडत आणि रोज संध्याकाळी या नळाखाली ब्रश धूत. तीस वर्षं. ते गेल्यावर आईने मुद्दाम त्याच जागी पुदिना लावला होता, त्यांची जागा ओकीबोकी दिसू नये म्हणून.

जुन्या रंगात शिसं असायचं, हे लेकीने तिला समजावून सांगितलं. पोट दुखतं म्हणून काढा, आणि काढ्याने पोट दुखतं म्हणून आणखी काढा, असं तिचं सहा वर्षं चाललं होतं. आईने दुसऱ्या दिवशी रक्त दिलं. त्यात शिसं असावं त्याच्या पाचपट निघालं. वेळेवर कळलं, काढा बंद करा, उपचाराने उतरेल, हातही बरेचसे थांबतील, असं डॉक्टर म्हणाले. लेकीचा जीव भांड्यात पडला.

आईचा नाही पडला. घरी आल्यावर ती स्वतःच्या हातांकडे बघत बसली.

"तुझ्या बाबांचे हातही असेच थरथरायचे," ती म्हणाली. "पोटही दुखायचं. शेवटी मूत्रपिंडंच गेली ना?"

"हो. पण आता खात्रीने नाही सांगता येणार, आई."

"मला वाटायचं, चोरून पितात. दारात आले की मी धुवायला म्हणून शर्ट मागून घ्यायचे आणि मोरीत जाऊन हुंगायचे. टर्पेंटाइनचा वास यायचा, तर वाटायचं, दारूचा वास लपवायला मुद्दाम लावलंय. एकदा तोंडावर म्हटलं. त्यांनी मुलांची शपथ घेतली. तरी मी हुंगायची थांबले नाही."

लेकीला खूप वाईट वाटलं, दोघांसाठीही. तिने आईचे हात हातात धरून ठेवले.

"तुझ्या त्या कागदात लिही," आई म्हणाली. "ते पीत नव्हते, असं लिही."

असल्या गोष्टी संशोधनाच्या निबंधात बसत नाहीत, हे तिने आईला सांगितलं नाही. पुढच्या सोमवारी ती काकांसमोर जाऊन उभी राहिली. चूक माझी होती, मी सगळ्यांसमोर बोलले, आता माफीही सगळ्यांसमोर मागते, असं म्हणून तिने ती मागितली. मग यादी मागितली. चौदा नंबरासमोरचं 'घरगुती, स्वच्छ' खोडलं आणि लिहिलं, 'रंगाऱ्याची ब्रश धुण्याची जागा, तीस वर्षं. माणूस निर्व्यसनी.'

काकांनी शेरा दोनदा वाचला. यादीत खाडाखोड झाली की शेजारी त्यांची सही लागे. त्यांनी काही न विचारता सही केली.