राहायचं कोणत्या काठाला

नोरीन एस्टीला वेंडेल मनापासून आवडायचा, पण त्याचा देश तिच्या डोक्यात जायचा. नदीच्या अलीकडे तिचं सेंट स्टीफन, कॅनडात. पलीकडे त्याचं कॅलस, अमेरिकेत. मधे एवढासा पूल, चालत निघालं तर कपातला चहा निवायच्या आत माणूस परदेशी पोचतो. पलीकडची घड्याळं एक तास मागे असतात, एवढाच काय तो फरक, असं बाहेरगावचे लोक म्हणतात. बाहेरगावच्यांना काय जातं म्हणायला.

दोघांचीही साठी उलटलेली, दोघांचेही जोडीदार केव्हाच देवाघरी गेलेले. लग्न करायचं तर ठरलं होतं. घोडं अडलं होतं ते एकाच ठिकाणी, की राहायचं कुठे.

"आमच्याकडे डॉक्टरकडे गेलं की खिशात हात घालावा लागत नाही," नोरीन म्हणायची.

"खरंय. नंबर लागेपर्यंत आजार कंटाळून निघून जातो," वेंडेल म्हणायचा.

"आमची माणसं शांत आहेत."

"गारठलेली आहेत. तोंड उघडलं तर थंडी आत शिरेल ना."

"रात्री दार उघडं टाकून झोपते मी."

"आणि दर शनिवारी चीज घ्यायला, पेट्रोल भरायला पूल ओलांडून कोण येतं गं?"

जायची ती नोरीनच. तिचा धाकटा भाऊ बॅझिल म्हणायचा, "तुमच्या लग्नाला पाद्री नको, पंच बोलवा."

अशी सहा वर्षं हसण्यावारी गेली. मग एक दिवस नोरीनलाच त्या हसण्याचा वीट आला. संध्याकाळी वेंडेल आपल्या घरी निघून जायचा, आणि ती खिडकीतून नदीपलीकडचे दिवे बघत एकटीच जेवायची. सप्टेंबरात तिनं त्याला स्पष्ट सांगितलं, "थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवायला ये आणि इथे राहायला येतोस का, हो की नाही ते सांगून टाक. नाही म्हणालास तर मी काही रडायची नाही, पण शनिवारी चीज आणायलाही यायची नाही."

एरवी एका वाक्याला चार उत्तरं देणारा वेंडेल नुसतं "बरं" म्हणाला. त्या "बरं"नं तिची झोप उडाली.

आता थँक्सगिव्हिंगसुद्धा एकाच दिवशी आला असता तर काय हवं होतं. अलीकडे ऑक्टोबरात, पलीकडे नोव्हेंबरात. "पानं अजून झाडावर आहेत आणि तुम्ही आभार मानून मोकळे," हा वेंडेलचा दरवर्षीचा टोमणा. यंदा त्यानं तोही मारला नाही. आदल्या दिवशी फोनवर नोरीन म्हणाली, "पाचला ये." तो म्हणाला, "येतो."

या दोन गावांत कुणी नुसतं "पाच" म्हणत नाही. "आमचे पाच" किंवा "तुमचे पाच", हे इथली पोरं चालायच्या आधी शिकतात. पण त्या दिवशी दोघांचंही चित्त थाऱ्यावर नव्हतं. नोरीनच्या मनात त्याचे पाच होते, म्हणजे इथले सहा. माझ्या घरात माझंच घड्याळ, असं सहा वर्षं ठणकावणाऱ्या बाईनं ठरवलं की निदान वेळेवरून तरी आज वाद नको. तिनं टर्की तासभर उशिरा भट्टीत घातली आणि स्वयंपाकघरातलं घड्याळही एक तास मागे केलं.

बॅझिलनं ते पाहिलं. "कॅनडा शरण गेला का गं?"

"तू बटाटे सोल."

भिंतीवर चार वाजले आणि दार वाजलं. बाहेर वेंडेल, चक्क टाय लावून. आत नोरीन, केसांना कर्लर, नाकाला पीठ, आणि भट्टीतली टर्की अजून अर्धीकच्ची. ती काय ते समजली. जेवायला बोलावलेला माणूस तासभर आधी येतो तो जेवायला नाही, नकार सांगून निघून जायलाच येतो.

"बोलून टाक," ती दारातच म्हणाली. "पीठ लागल्या हातानं ऐकते मी."

"उशीर झाला का मला? बरोबर पाचला आलो."

"पाच कुठले? चार झालेत."

वेंडेलनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मग मनगट पुढे केलं. तिथे पाच वाजले होते.

"तुझ्या हातावर आमचे पाच कसे?" नोरीननं विचारलं.

"सकाळीच पुढे केलं," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "इथे राहायचं तर सवय नको?"

नोरीन स्टूल ओढून बसली. "अरे, तू नाही म्हणाला असतास तर मीच येणार होते तुझ्याकडे. तेवढं बोलले नव्हते फक्त."

"मग टाय उगाच लावला म्हणायचा."

"नाही, पण विचार कर," ती म्हणाली. "तुझं घर मोठं आहे. कर कमी. पेट्रोल स्वस्त."

"आणि तुमचा डॉक्टर फुकट, माणसं शांत."

"पण नंबर लागत नाही रे त्याच्याकडे."

"देवा, पुन्हा सुरू झाले," बॅझिल आतून म्हणाला. "आणि आता बाजू बदलून."

वेंडेल तिच्या समोर बसला. "नोरीन, त्या मोठ्या घरात संध्याकाळी माझ्याशी भांडायला कुणी नसतं. तुमच्या रांगेत बसेन मी. शेजारी तू असशील ना?"

ती हो म्हणाली. वर असंही म्हणाली, की तिला फार आनंद झालाय आणि त्यानं तिच्या नाकाकडे बघू नये.

टर्की व्हायला अजून तास होता. वेंडेलचा कुत्रा पलीकडे एकटाच होता, म्हणून दोघं गाडीनं निघाली, ती कर्लरसकट. पुलाच्या पलीकडे चौकीवर हार्लन होता. वेंडेलनंच त्याला लहानपणी मासे धरायला शिकवलं होतं, पण नियम तो नियम. कागदावरून मान वर न करता त्यानं विचारलं, "राहता कुठे?"

जन्मभर वेंडेल या प्रश्नाला "कॅलस" म्हणत आला होता. आज त्यानं आधी टाय सारखा केला.

"सेंट स्टीफन."

हार्लननं मान वर केली. वेंडेलचा टाय पाहिला, शेजारी पीठ लागलेल्या नाकानं एकाच वेळी हसणारी आणि रडणारी नोरीन पाहिली. मग पुन्हा चेहरा सरकारी केला आणि परदेशाहून आलेल्या पाहुण्याला विचारतात तसं विचारलं, "आमच्या देशात काय काम काढलंत?"

"कुत्रा न्यायला आलोय," वेंडेल म्हणाला. "जेवायच्या वेळेला घरी पोचायचंय."