देवमनच्या आधी

अमरावतीहून अकोल्याला रोज अपडाऊन करायला लागून देवमनला चौदा वर्षं झाली होती, आणि तू नेमका कुठे राहतोस असं कोणी विचारलं असतं तर त्याने मूर्तिजापूरच्या आसपास, असं उत्तर दिलं असतं. इतका त्याचा जन्म एसटीच्या खिडकीला डोकं टेकवण्यात चालला होता. अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका खासगी ऑफिसात जमिनीचे जुने, पिवळे पडलेले कागद वाचून ते संगणकावर चढवायचं त्याचं काम. घरी सीमा होती. पण तो पोचेपर्यंत साडेआठ होत, तिने ताट झाकून ठेवलेलं असे, आणि नवराबायकोचं बोलणं भाजी आणि गोळ्या यांच्यापुढे जात नसे. भांडण नव्हतं. दोघंही थकलेली होती, एवढंच.

उन्हाळ्यात ऑफिसात कुठूनतरी वापरलेले संगणक आले, तेव्हा देवमनने एक अख्खी दुपार घालवून पडद्याच्या तळाशी असणारा टास्कबार मनासारखा करून घेतला. पट्टीचा रंग काळा केला, चिन्हं मोठी केली, न लागणारी काढून टाकली आणि लागणारी चार डाव्या कोपऱ्यात ओळीने बसवली. नोकरी वडिलांनी ठरवली होती, घराचा रंग मेव्हण्याने; ही बोटभर पट्टी तेवढी त्याची स्वतःची होती.

एका मंगळवारी सकाळी त्याने संगणक सुरू केला तर पट्टी पडद्याच्या माथ्यावर होती. रंग शेवाळी, चिन्हं लहान आणि वेगळ्याच क्रमाने लावलेली. त्याने ती ओढून पुन्हा खाली आणली, काळी केली. बुधवारी ती पुन्हा वर होती. शेजारच्या टेबलावरचा शफीक ऑफिसातले संगणक सांभाळायचा, म्हणून देवमनने त्याला विचारलं,

"शफीकभाई, माह्या मशीनले कोनी हात लावते का?"

"पासवर्ड तुमच्याचजवळ हाये, कोन लावन?" शफीकने चष्म्यावरून पाहिलं. "आन् काहून मजाक करून राहिले भाऊ? सकायी साडेनवाले तुमीच तं वर नेली. मले म्हनले, खाली पाहू पाहू मान दुखते."

साडेनऊला देवमनची बस अजून अकोल्याबाहेर, बोरगाव मंजूच्या अलीकडे उभी होती. पण वाद घालायला जेवढी ताकद लागते तेवढी त्याच्यात उरली नव्हती.

त्याने पट्टी वर राहू दिली. आठवड्याभरात मान दुखायची थांबली. चिन्हांचा तो नवा क्रमही खरोखरच सोयीचा होता. आपल्याला हे आधी कसं सुचलं नाही, असं त्याला वाटलं. मग एका सकाळी, आदल्या संध्याकाळी अर्धवट सोडलेली जमिनीच्या फेरफाराची एक लांबलचक नोंद पुरी टाइप केलेली सापडली, आणि त्यात एकही चूक नव्हती. त्यानंतर रोजच काहीतरी झालेलं असे. साहेब एकदा टेबलाशी थांबून म्हणाले, "देवमन, आजकाल वेगळेच दिसता." ऑफिसातली माणसं त्याच्याकडे पाहून हसू लागली, त्याने कधी न सांगितलेल्या एखाद्या गमतीवर हसावं तशी. देवमनही हसे. भीती वाटायला हवी हे त्याला कळत होतं, पण रिकाम्या झालेल्या टेबलाशी बसून डोळे मिटताना त्याला जी विश्रांती मिळे, ती चौदा वर्षांत मिळाली नव्हती.

एका गुरुवारी तो घरी आला तेव्हा ताट झाकलेलं नव्हतं. सीमा ओटा पुसून पुस्तक घेऊन बसली होती.

"जेवायचं?" त्याने विचारलं.

"अजून? आता तं जेवले तुमी." मग तिने पुस्तक मिटलं आणि कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं तसं त्याच्याकडे पाहिलं. "तुमी मघाशी बोलले ना, ते मले लय बरं वाटलं. मले वाटत होतं तुमाले काही समजतच नाही."

काय बोललो, हे विचारायला देवमनचं तोंड उघडलं आणि मिटलं. विचारलं असतं तर तिच्या चेहऱ्यावरचं ते काहीतरी विझलं असतं. तो पाणी पिऊन उपाशीच झोपला.

शुक्रवारी त्याने अर्ध्या दिवसाची सुटी टाकली. आज आपण आधी पोचायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. तिच्यासमोर बसायचं, आणि जे कोणी बोललं असेल ते आपण बोलायचं. दीडची बस मिळाली. वाटेत तो एकदाही झोपला नाही, ओठांतल्या ओठांत वाक्यं जुळवत राहिला. पावणेचारला तो घरापाशी आला तेव्हा अंगणात स्वच्छ ऊन होतं, शेजारणीने गच्चीवर पापड वाळत घातले होते, आणि दाराआडून सीमाच्या हसण्याचा आवाज येत होता. ती अशी हसते हे तो विसरून गेला होता.

त्याने बेल दाबली. हसणं थांबलं.

"कोन हाये?" आतून कोणीतरी विचारलं. आवाज देवमनचाच होता. फक्त त्यात थकवा नव्हता.

जुळवलेल्या वाक्यांतलं एकही त्याला आठवलं नाही. खांद्यावरची पिशवी जड लागू लागली.

"कोनी नाही जी," तो म्हणाला, "घर चुकलो."

आत पावलं वाजली. मग दाराच्या अगदी जवळून, मोठ्या आपुलकीने प्रश्न आला, "कोनाकडे जायाचं हाये भाऊ?"

आणि देवमन ते आठवत तिथेच उभा राहिला.